62 मुलं, 5 वर्ग, 2 शिक्षक – आणि म्हणे नियमात बसतं!

झेरॉक्सवाला (12 जुलै, रात्री 10:40)

एरवी मी इथे पाणीकपात आणि मिसळ या दोनच विषयांवर लिहितो. आज लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या.

सिंहगड रोडच्या आतल्या बाजूला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानापासून तीनशे पावलांवर जुनी सरकारी शाळा, पहिली ते पाचवी. माझी मुलगी तिथेच तिसरीत आहे. गेल्या महिन्यात पालकसभेला अकरा जण आले. त्यात मोबाइलमध्ये डोकं न घातलेला मी एकटा निघालो, म्हणून मला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केलं.

अध्यक्ष झालोय तर एक दिवस वर्गात बसून बघावं म्हटलं. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी-पाचवी. बाईंनी फळ्यावर दोन उभ्या रेघा मारून तीन वाटे केलेले. डावीकडे तिसरीची हातच्याची वजाबाकी, मधे चौथीचे इतिहासाचे प्रश्न, उजवीकडे पाचवीचे अपूर्णांक. बाई चौथीकडे वळल्या की तिसरीचं लक्ष उजवीकडे. एका गड्याने पाचवीचे दोन तृतीयांश स्वतःच्या वहीत उतरवले होते, मधली आडवी रेघ वजाबाकीची समजून खाली लिहिलं होतं, ‘2 मधून 3 जात नाहीत’. मला हसू आलं, बाईंना आलं नाही. त्यांना हे रोजचंच.

मी विचारलं, तिसरा शिक्षक कधी मिळणार? म्हणाल्या, ‘मिळणारच नाही, आपल्याला मंजूरच दोन आहेत.’ वर्गात मुलं 62 बसतात, पण सरकारी पोर्टलवर धरतात 58, कारण चौघांचं आधार जुळत नाही. आणि 60 पर्यंत दोनच शिक्षक.

आता गंमत बघा. खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांचे अर्ज निघाले की माझ्या दुकानासमोर रांग लागते. भाडेकरार, जन्मदाखला, एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. ही सगळी मंडळी त्याच शाळेच्या दारावरून माझ्याकडे येतात. का घालत नाही इथे, विचारलं की उत्तर एकच: ‘तिथे शिक्षकच नाहीत.’ आणि शिक्षक का नाहीत? तर मुलं नाहीत म्हणून. माझा धंदा होतो, पण हे चक्र कुठून तोडायचं ते कळत नाही.

माझं साधं म्हणणं आहे. शिक्षक डोकी मोजून नको, वर्ग मोजून द्या. पाच वर्ग, पाच शिक्षक. हे राज्य सरकारने ठरवलं तर होईल की नाही? जाणकारांनी सांगावं.

---

पुणेरी_पाटी (12 जुलै, रात्री 11:05)

डोकी मोजण्याचं काम सरकार फक्त मतदानाला मनापासून करतं. बाकी चालू द्या. धागा वाचतोय.

---

खडू_डस्टर (13 जुलै, सकाळी 6:20)

मी भोर तालुक्यातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. झेरॉक्सवाले, तुमच्या बाई म्हणतात ते बरोबर आहे.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या परिशिष्टात कोष्टक आहे. पहिली ते पाचवीला 60 पर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4, 121 ते 200 ला 5. दीडशेच्या वर गेलात तर शिवाय मुख्याध्यापक. म्हणजे इयत्ता पाच असल्या तरी पाच शिक्षक मिळायला 121 मुलं लागतात. सहावी ते आठवीला मात्र तोच कायदा ‘दर वर्गाला किमान एक शिक्षक’ म्हणतो. लहान मुलांना, ज्यांना खरं तर बोट धरून शिकवायचं, त्यांना हे वाक्य लागू नाही. माझ्या नोकरीत या कोड्याचं उत्तर मला कोणी दिलं नाही.

महत्त्वाचा शब्द ‘किमान’. कोष्टक हे खालचं टोक आहे. राज्याने जास्त शिक्षक द्यायला कायद्यात कुठेही आडकाठी नाही. पण आपल्याकडे संचमान्यता (पटावरून शाळेची शिक्षकपदं मंजूर करणं) निघते तेव्हा किमान हेच कमाल होऊन बसतं. त्यात 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने राज्याने निकष बदलले, वाढीव पद मिळवणं आणखी अवघड झालं. सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांचे शिक्षकच जातात, हा संघटनांचा त्यावरचा मोठा आक्षेप.

एक शिक्षक अतिरिक्त ठरला की त्याचं समायोजन दुसऱ्या गावात. इकडे राहिलेल्या शिक्षकावर तीन वर्ग. ते बघून पालक आणखी दोन मुलं काढतात. पुढच्या संचमान्यतेला आणखी पट कमी. तुम्ही चक्र म्हणालात, आम्ही याला उतार म्हणायचो. चक्र निदान फिरून वर येतं.

---

करदाता_कोथरूड (13 जुलै, सकाळी 9:48)

दोघांच्याही भावना समजतात, पण दुसरी बाजूही बघा. सरकारी शिक्षकाचा पगार खाजगी शाळेतल्या शिक्षिकेच्या तिप्पट-चौपट. पाच मुलांमागे एक शिक्षक असलेल्या शाळा मी मावळात बघितल्यात. तिथे पाच वर्ग म्हणून पाच शिक्षक देणार का? पैसा कुठून आणायचा? शिवाय पट घसरला तो लोकांना इंग्रजी हवं म्हणून. त्यात शिक्षकसंख्येचा काय संबंध?

---

झेरॉक्सवाला (13 जुलै, दुपारी 2:15)

साहेब, तुमचा प्रश्न रास्त आहे. पाच मुलांच्या वाडीत पाच शिक्षक मीही मागत नाही, ते वाक्य मी घाईत लिहिलं. आमची वस्ती वाढतेय, वाडी ओस पडत नाहीये. चारी बाजूंना टॉवर चाललेत, मजुरांची, वॉचमनची, घरकामवाल्यांची मुलं भरपूर आहेत. इथे पट घसरतो तो मुलं नाहीत म्हणून नव्हे.

इंग्रजीचं म्हणाल तर आमच्याकडे सेमी इंग्लिश आहे. पण एका बाईंनी तीन वर्गांना गणित इंग्रजीतून कसं शिकवायचं?

---

वेल्ह्याची_बाई (13 जुलै, रात्री 9:30)

नोकरीत आहे म्हणून नाव-गाव विचारू नका.

पगारावरून नेहमी ऐकून घेतो आम्ही. दादा, नवीन लागणारा शिक्षक आधी 3 वर्षं शिक्षणसेवक असतो, प्राथमिकला मानधन महिना 16,000. 2023 आधी ते 6,000 होतं. माझी ती तीन वर्षं 6,000 वाली. खोलीभाडं देऊन उरलेल्या पैशात मी घरी पैसे पाठवले नाहीत, घरून मागवले.

मुख्य म्हणजे शिकवायला वेळ किती मिळतो ते विचारा. कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक काम देऊ नये असं स्वच्छ लिहिलंय. पण निवडणूक म्हणजे नुसता मतदानाचा दिवस नाही. बीएलओ म्हणून, म्हणजे मतदारयादीसाठी, वर्षभर घरोघर फिरणंही त्यातच आलं. शिवाय रोजचे फोटो. पोषण आहाराचा फोटो, झाड लावल्याचा फोटो, हात धुतल्याचा फोटो. परवा व्हॉट्सॲपवर आदेश आला, ‘माहिती आत्ताच्या आत्ता भरावी, अत्यंत तातडीचे.’ कशाची? शाळेत फोटो वेळेवर अपलोड होतात की नाही याची.

द्विशिक्षकी शाळेत एक जण बैठकीला गेला की दुसऱ्याकडे पाचही वर्ग. शिक्षक वाढवून द्या, हो. पण आधी आहेत ते तरी वर्गात राहू द्या.

---

पुणेरी_पाटी (13 जुलै, रात्री 9:41)

‘हात धुतल्याचा फोटो’ हे सगळ्या खात्यांचं बोधवाक्य व्हावं.

---

नऱ्हेकर_मंजिरी (14 जुलै, सकाळी 11:10)

माझा मुलगा पंचवीस टक्क्यांतून खाजगी शाळेत आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही, हे आधीच सांगते.

राज्याने 9 फेब्रुवारी 2024 ला नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. शहरात एक किलोमीटरमध्ये सरकारी शाळा नाही असं ठिकाण कुठे असतं का? म्हणजे दारच बंद. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 ला तो बदल रद्द केला. तेव्हा टीव्हीवर कोणी म्हणत होतं की यामुळे सरकारी शाळांचा पट वाढला असता. आमच्या पोरांना कोंडून पट वाढवणार होते का? आधी शाळा नीट करा, मग लोक आपणहून येतील.

---

खडू_डस्टर (14 जुलै, दुपारी 12:30)

मंजिरीताई, तुमचा राग खरा आहे. तुम्ही मुलाचं बघितलंत, त्यात चूक काहीच नाही. फक्त एक हिशोब. त्या जागेसाठी सरकार खाजगी शाळेला वर्षाला 17,670 रुपये प्रतिपूर्ती देतं, आणि तीही थकते म्हणून संस्थाचालक ओरडत असतात. शेजारच्या सरकारी शाळेतून एक मूल गेलं की तिथलं शिक्षकाचं पद धोक्यात येतं. दोन्हीकडे सरकारच. उजव्या हाताने थकबाकी, डाव्या हाताने पदकपात.

---

करदाता_कोथरूड (14 जुलै, दुपारी 1:02)

म्हणूनच 2023 मध्ये दत्तक शाळा योजना आणली ना? कंपन्यांना पैसे घालू द्या. मोठ्या महापालिकांच्या हद्दीत 5 वर्षांसाठी 2 कोटी, 10 वर्षांसाठी 3 कोटी, आणि शाळेला हवं ते नाव. नावाला काय चाटायचंय?

---

वेल्ह्याची_बाई (14 जुलै, रात्री 8:55)

नावाचं मला काही नाही. पण दत्तक घेणारा रंग देतो, ई-लर्निंगचा संच देतो. शिक्षक कोणी दत्तक देत नाही. आमच्याकडे एका चांगल्या माणसाने पडदा आणि प्रोजेक्टर दिला. वीज असते तेव्हा पहिली-दुसरीला त्याच्यासमोर बसवते आणि तिसरी-चौथीकडे जाते. खरं सांगू? प्रोजेक्टर माझा दुसरा शिक्षक आहे. बदली मात्र मागत नाही.

---

शुक्रवारातला_वाडा (15 जुलै, सकाळी 7:45)

‘पैसा कुठून आणायचा’ याला माझं उत्तर घरातल्या कपाटात आहे. मिळकतकराचं बिल काढा. त्यात शिक्षण कराची ओळ असते. 1962 च्या शिक्षण आणि रोजगार हमी उपकर कायद्याप्रमाणे महापालिका तो गोळा करून राज्य सरकारकडे भरते. माझ्या वडिलांनी भरला, मी भरतो. तो शाळेत पोचतो की नाही, हे मी बापजन्मी विचारलं नव्हतं. आता विचारावंसं वाटतंय.

हे विचारणंही नवीन नाही. 1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी दिलेल्या निवेदनात हीच तक्रार आहे. कर शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. सरकारने प्राथमिक शिक्षणाकडे बघावं, असं त्यांनी पुण्यात बसून लिहिलं. आणि ज्या भिडेवाड्यात 1848 ला मुलींची शाळा निघाली, तो आमच्यापासून हाकेच्या अंतरावर वर्षानुवर्षं पडायला आला होता. 2023 च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला. स्मारक व्हावं, हवंच. पण माझ्या मते शहरातल्या एकेका पहिलीच्या वर्गाला एकेक शिक्षक, हे त्याच्याहून मोठं स्मारक ठरेल.

शिक्षणावर किती खर्च व्हावा, तर कोठारी आयोग 1966 ला राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के म्हणाला, 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही 6 टक्केच म्हणतं. चोपन्न वर्षं आकडा मात्र अगदी काटेकोर सांभाळला आहे.

---

पानशेत_रिटर्न (15 जुलै, रात्री 10:20)

कमी पटाच्या शाळांचं म्हणाल तर आमच्या पानशेतला समूह शाळा झाली. आसपासच्या छोट्या शाळा एकत्र, मुलांना गाडी. 2023 ला राज्याने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी असे प्रस्ताव मागवले तेव्हा पानशेत आणि नंदुरबारच्या तोरणमाळचं उदाहरण दिलं होतं. माझी भाची तिथे जाते. वर्गाला शिक्षक आहे, सोबत खेळायला वर्गभर मुलं आहेत, पोरगी खूष आहे.

पण जुलैत या आमच्याकडे. ओढा चढला की गाडी येत नाही. आधी शाळा वाडीत होती तेव्हा पोरं पोत्याची खोळ घेऊन चालत जायची. आता गाडी नाही म्हणजे शाळा नाही. म्हणून मला विचाराल तर रस्ता आणि गाडीची हमी असेल तिथेच एकत्र करा. सरसकट केलंत तर मुली आधी घरी बसतील. लांबच्या शाळेला भाऊ सायकलवर जातो, बहिणीला कोण पाठवतं?

---

गेटकीपर (संचालक) (16 जुलै, सकाळी 10:00)

पहिलीपासून हिंदीबद्दलचे सात प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. ते शासन निर्णय 29 जून 2025 ला मागे घेतलेले आहेत, इथे पुन्हा पेटवू नका.

---

काळा_कोट_कच्चा (19 जुलै, रात्री 11:50)

विधीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे मीठ घालून घ्या.

झेरॉक्सकाका, तुमच्या हातात आहे ते कोणी सांगितलंच नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21 म्हणजे तुमची समिती. तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. कलम 22 म्हणजे शाळा विकास आराखडा, तो समितीने करायचा. आणि 22 च्या पोटकलम 2 मध्ये लिहिलंय की सरकार किंवा स्थानिक प्राधिकरण जे नियोजन करेल, अनुदान देईल, त्याला हा आराखडा आधार असेल. पुढच्या तीन वर्षांचा वर्गवार अंदाजित पट आणि जादा किती शिक्षक लागतील, हे त्यात लिहायचं असतं. कलम 26 प्रमाणे मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिक्त ठेवता येत नाहीत.

तुमच्या शाळेचा आराखडा कोणी लिहिलाय, एकदा बघा.

---

झेरॉक्सवाला (22 जुलै, रात्री 9:15)

बघितला. मीच त्याची झेरॉक्स काढली होती दोन वर्षांपूर्वी!! तेव्हा वाचली नाही. दहा पानं, ‘शाळेचे नाव’ सोडून शेजारच्या शाळेचा जसाच्या तसा. जादा शिक्षकांच्या रकान्यात ‘निरंक’. खाली आधीच्या अध्यक्षांचा अंगठा.

आजच्या बैठकीत नवा लिहायला घेतला. सात जणी आणि मी. एका आईने विचारलं, ‘निरंक म्हणजे काय?’ सांगितलं. म्हणाली, ‘म्हणजे आम्हाला काही नको असं आम्हीच लिहून दिलं?’ मला उत्तर सुचेना.

सध्या दोन गोष्टी. आराखड्यात तीन शिक्षक आणि ‘पहिलीला स्वतंत्र शिक्षक’ ही मागणी, कारण पाच मागितले तर हसण्यावारी नेतील. आणि 30 सप्टेंबरला पट धरला जाईल, त्याआधी त्या चार मुलांचं आधार. तीन मुलं जुळली की 61.

---

खडू_डस्टर (23 जुलै, सकाळी 6:05)

शाब्बास. मागणीत ‘पहिली’ टाकलीत ते फार बरोबर. वाचता येत नाही म्हणून मूल जे मागे पडतं ते पहिली-दुसरीतच. आणि राज्यकर्त्यांना पत्र लिहाल तेव्हा हेच एक वाक्य लिहा: पट कितीही असो, पहिलीच्या शिक्षकाकडे दुसरा वर्ग नसावा. एकच मागणी असली की तिला फाटे फोडता येत नाहीत. बाकी, 61 झाले तरी राज्याचे निकष आडवे येतील, ती तयारी ठेवा. तरी आकडा आपल्या बाजूचा हवा.

---

करदाता_कोथरूड (23 जुलै, सकाळी 9:30)

पहिलीला स्वतंत्र शिक्षक, याला माझाही पाठिंबा. (लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही.) पत्र तयार झालं की इथे टाका, आमच्या सोसायटीतून सह्या आणतो. बदल्यात वर्षअखेरीला किती मुलांना वाचता येतं ते शाळेच्या दारावर लावायचं.

---

वेल्ह्याची_बाई (23 जुलै, रात्री 9:02)

लावू की. फक्त त्याचा फोटो मागू नका.

---

झेरॉक्सवाला (1 ऑक्टोबर, रात्री 10:55)

धागा वर काढतोय. पत्र गेलं, 214 सह्या, त्यातल्या 90 कोथरूडच्या. आराखडा दिला, पोच घेतली. ज्या कार्यालयात दिला तिथे टेबलावरच्या माणसाने तो वाचला नाही, पानं मोजली.

आधारचं सांगतो. पहिलीतल्या मुलीचं नाव शाळेत ‘शिवानी’ आणि आधारवर ‘शिवाणी’, ते झालं. दुसरीतल्या मुलाचे पाच वर्षांनंतरचे ठसे घ्यायचे राहिले होते, तीन फेऱ्यांत झालं. आईचा तीन दिवसांचा खाडा झाला. तिसऱ्याचा जन्मदाखला कलबुर्गीकडच्या गावातून यायचाय, अजून आला नाही.

चौथा तो वजाबाकीवाला. 22 सप्टेंबरला त्यांच्या इमारतीचा शेवटचा स्लॅब टाकून झाला आणि मुकादमाने सगळी टोळी वाघोलीच्या साइटवर हलवली. दाखला न नेताच गेले.

काल पट धरला गेला. 60.

---

खडू_डस्टर (2 ऑक्टोबर, सकाळी 6:10)

तिसऱ्या शिक्षकाचं पुढच्या वर्षी पुन्हा लढू. तो मुलगा वाघोलीत कुठल्या शाळेत घातला का? घरच्यांचा नंबर आहे?

---

झेरॉक्सवाला (2 ऑक्टोबर, सकाळी 8:30)

नंबर आहे. लागत नाही. रविवारी दुकान बंद ठेवून जाऊन बघतो. वाघोलीकडचं कोणी असेल तर व्यनि करा, साइट बऱ्याच आहेत तिकडे.